नुसता माणूस

१९६७ साली आलेल्या 'इन द हीट ऑफ द नाइट' या अमेरिकन चित्रपटात एक थप्पड आहे. आजचा लेख त्या थपडेपासून सुरू करते.

मिसिसिपी राज्यातलं स्पार्टा नावाचं एक छोटं गाव. तिथे एका बड्या कारखानदाराचा खून झालाय. फिलाडेल्फियाचा कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी व्हर्जिल टिब्स योगायोगाने त्या गावात अडकलाय आणि तपासाला मदत करतोय. चौकशीसाठी तो आणि गावचा गोरा पोलीसप्रमुख कापसाच्या मळ्यांचा मालक एंडिकॉट याच्याकडे जातात. मालक आपल्या काचघरात ऑर्किडची निगा राखतोय. म्हातारा काळा नोकर सरबताचा ट्रे घेऊन आलाय. टिब्स खुनासंबंधी एक-दोन प्रश्न विचारतो. एका काळ्या माणसाने आपल्याला प्रश्न विचारावेत हेच एंडिकॉटला सहन होत नाही. तो टिब्सच्या थोबाडीत मारतो. आणि टिब्स, क्षणाचाही विलंब न लावता, त्याला तशीच परत ठेवून देतो!

तुम्ही म्हणाल, सिनेमात थपडा काय कमी असतात? खरं आहे. पण अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या चित्रपटात काळ्या पुरुषाने गोऱ्या जमीनदाराला अशी उलट थप्पड मारावी, आणि त्यासाठी त्याला पुढे मरावं लागू नये, हे तोवर जवळजवळ अघटित होतं. टिब्सचं काम करणारे नट सिडनी पॉइटिए यांनी नंतर सांगितलं की, ही उलट थप्पड चित्रपटाच्या प्रत्येक प्रतीत राहील, दक्षिणेतल्या थिएटरांसाठी ती कापली जाणार नाही, असं वचन त्यांनी आधीच मागून घेतलं होतं. आणखी एक गोष्ट. कथा मिसिसिपीत घडते, पण चित्रीकरण मुख्यतः झालं दूर उत्तरेत, इलिनॉय राज्यात. कारण दक्षिणेत काम करायला पॉइटिए तयार नव्हते. १९६४ साली ते आणि गायक हॅरी बेलाफॉन्टे नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांसाठी पैसे घेऊन मिसिसिपीत गेले होते, तेव्हा कू क्लक्स क्लॅनच्या लोकांनी रात्रीच्या अंधारात त्यांच्या गाड्यांचा पाठलाग केला होता. पडद्यावर थप्पड मारणाऱ्या माणसाला पडद्याबाहेर तिथे सुखरूप राहता येईल याची खात्री नव्हती.

एका थपडेला एवढं महत्त्व का यावं? मी शाळेत इतिहास शिकवत असे, त्यामुळे कशाचंही मूळ शोधत मागे जायची खोड आहे. तेव्हा मंडळी, जरा मागे जाऊ या.

आपल्या भाषेत पुरुषार्थ हा एक मोठा सुंदर शब्द आहे. आपण तो बोलण्यात फारच स्वस्त करून टाकलाय. "काय मोठा पुरुषार्थ गाजवलास?" असं म्हणताना आपल्या मनात ताकद, मर्दुमकी, मिशीला पीळ एवढंच असतं. मूळ अर्थ पाहिला तर पुरुषार्थ चार. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष. मोक्षाचं राहू द्या. पण उरलेल्या तिघांत काय येतं? आपलं कर्तव्य, आपली कमाई, आपलं प्रेम आणि संसार. म्हणजे रोज सकाळी उठून कामाला जाणं, चार पैसे मिळवणं, बायकोशी दोन शब्द गोड बोलणं, पोराचा अभ्यास घेणं... यात मारामारी कुठेच नाही. अमेरिकन चित्रपटातल्या काळ्या पुरुषाबद्दल वाचत आणि पाहत गेले तसं माझ्या लक्षात आलं की, या यादीतलं एकही त्याला कितीतरी वर्षं पडद्यावर करू दिलेलं नव्हतं.

पडद्यावर करू दिलं नाही, कारण त्याआधी दोन-अडीचशे वर्षं ते कायद्यानेच नाकारलेलं होतं. गुलामाच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. व्हर्जिनियाच्या वसाहतीत १६६२ साली कायदा झाला की, मूल गुलाम की स्वतंत्र हे त्याच्या आईवरून ठरेल. म्हणजे बापाचा हिशेबच नाही! मालक हवं तेव्हा नवऱ्याला एका गावी आणि बायको-मुलांना दुसऱ्या गावी विकू शकत असे. कमाई तर मालकाचीच. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केलं, हे आपल्याला ठाऊक आहेच. पुण्यात बसून एका माणसाने त्या मुक्तीचा अर्थ ओळखला होता. पण खुद्द अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र मुक्त झालेल्या माणसाला पुन्हा जागच्या जागी बसवण्याची खटपट सुरू झाली होती.

या खटपटीचं एक हत्यार म्हणजे संबोधन. साठ वर्षांच्या काळ्या माणसालाही 'बॉय' म्हणजे 'ए पोऱ्या' म्हणायचं. फारच म्हातारा झाला तर 'अंकल'. पण 'मिस्टर' कधीच नाही. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. वयाने बापासारख्या माणसाला केवळ जातीमुळे अरे-तुरे करणारी दहा-बारा वर्षांची पोरं आपल्या गावांनी पाहिली आहेत. म्हणूनच त्या चित्रपटात गोरा पोलीसप्रमुख जेव्हा टिब्सला खिजवून विचारतो की, तुमच्याकडे तुला काय म्हणतात, तेव्हा टिब्स संतापून सांगतो की तिकडे मला 'मिस्टर' म्हणतात. ते वाक्य अमेरिकेत इतकं गाजलं की पुढच्या चित्रपटाला तेच नाव दिलं गेलं. आपल्या भाषेत सांगायचं तर भांडण 'अहो-जाहो'चं होतं.

दुसरं हत्यार भीतीचं. काळा पुरुष म्हणजे गोऱ्या स्त्रीला धोका, ही समजूत मुद्दाम पसरवली गेली. याच आरोपाखाली जमावाने माणसं पकडून झाडाला टांगली. इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या संस्थेने जमवलेल्या नोंदींप्रमाणे १८७७ ते १९५० या काळात असे बळी चार हजारांहून जास्त आहेत. मेम्फिसमध्ये आयडा बी. वेल्स नावाची एक काळी शिक्षिका होती. शाळांच्या दुरवस्थेबद्दल लिहिलं म्हणून १८९१ मध्ये तिची नोकरी गेली आणि ती पूर्णवेळ पत्रकार झाली. पुढच्याच वर्षी तिचे मित्र टॉमस मॉस आणि त्यांचे दोन सहकारी जमावाने मारले. त्यांचा अपराध काय? त्यांनी किराणा मालाचं दुकान चांगलं चालवलं होतं आणि जवळच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक कमी झालं होतं! वेल्सने मग एकेका प्रकरणाचा तपास केला आणि दाखवून दिलं की बलात्काराचा आरोप हा बहुतेक वेळा बहाणा असतो, खरं दुखणं वेगळंच असतं. काळ्या माणसाने 'अर्थ' हा पुरुषार्थ साधला, हेच पुष्कळदा ते दुखणं असे.

आणि मग आला सिनेमा.

१९१५ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' प्रदर्शित झाला. तीन तासांचा मूकपट. तंत्राच्या दृष्टीने इतका पुढारलेला की चित्रपटाच्या अभ्यासक्रमात तो अजून दाखवतात. त्यात गस नावाचा काळा सैनिक एका गोऱ्या मुलीच्या मागे लागतो, ती कड्यावरून उडी टाकून जीव देते आणि पांढरे अंगरखे घातलेले क्लॅनचे घोडेस्वार 'न्याय' करतात. गसचं काम करणारा नट गोरा होता, तोंडाला काळं फासून उभा राहिलेला. म्हणजे ज्याची भीती घालायची तो माणूससुद्धा खरा नाही! चित्रपट व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना दाखवला गेला. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेने शहरोशहरी निषेध केला, पण गर्दी काही हटली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉर्जियातल्या स्टोन माउंटन डोंगरावर क्लॅनची पुन्हा स्थापना झाली आणि पुढे तिच्या भरतीसाठी हाच चित्रपट वापरला गेला. सिनेमा ही नुसती करमणूक आहे असं म्हणणाऱ्यांनी हे एवढं एकच उदाहरण लक्षात ठेवावं.

राक्षस तयार झाला, पण रोज राक्षस दाखवून गल्ला भरत नाही. म्हणून दुसरा नमुना आला, निरुपद्रवी काळ्या माणसाचा. लिंकन पेरी नावाचा नट 'स्टेपिन फेचिट' या नावाने १९३०च्या दशकात फार लोकप्रिय होता. जगातला सर्वांत आळशी माणूस अशी त्याची जाहिरात. अर्धवट मिटलेले डोळे, ओढत टाकलेली पावलं, तोंडातल्या तोंडात पुटपुटणं. प्रत्यक्षात हा माणूस चांगला शिकलेला होता, वर्तमानपत्रात लिहीत असे आणि त्याने भरपूर पैसाही मिळवला. पण पैसा मिळाला तो न मिळवणाऱ्याचं सोंग करून! बिल रॉबिन्सन यांच्यासारखा थोर नर्तक १९३५ मध्ये 'द लिटल कर्नल' चित्रपटात जिन्यावर अप्रतिम नाचला, पण त्याची जोडीदार कोण? सहा वर्षांची शर्ली टेंपल. पन्नाशी उलटलेल्या काळ्या पुरुषाने गोऱ्या मुलीचा हात धरायचा तर ती एवढी लहान हवी की कुणाच्या मनात शंकाच येऊ नये. १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या चित्रपट आचारसंहितेत गोऱ्या आणि काळ्या माणसांमधले प्रेमसंबंध दाखवायला चक्क बंदी होती. ती १९५६ पर्यंत टिकली.

या दोन नमुन्यांच्या मधली जागा भरण्याचा प्रयत्न कुणी केलाच नाही असं नाही. ऑस्कर मिशो हा गुलामांच्या घरात वाढलेल्या आई-बापांचा मुलगा. साउथ डकोटात शेती केली, स्वतः लिहिलेली पुस्तकं दारोदार फिरून विकली आणि मग चित्रपट काढले, चाळीसहून जास्त! त्याच्या १९२० सालच्या 'विदिन अवर गेट्स'मध्ये जमावाच्या हाती बळी पडलेलं एक कष्टाळू शेतकरी कुटुंब आहे. तिथे राक्षस कोण, हे प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही. ग्रिफिथला दिलेलं हे उत्तर पुढे कित्येक वर्षं हरवलेलं होतं. १९७०च्या दशकात त्याची एक प्रत सापडली ती थेट स्पेनमध्ये. ग्रिफिथच्या चित्रपटाच्या प्रती मात्र कधी हरवल्या नाहीत.

मिशोच्याच 'बॉडी अँड सोल' या १९२५ च्या चित्रपटातून पडद्यावर आले पॉल रोबसन. गुलामगिरीतून पळून आलेल्या आणि पुढे धर्मोपदेशक झालेल्या बापाचा हा मुलगा. फुटबॉलपटू, कोलंबिया विद्यापीठाचा कायद्याचा पदवीधर, गायक, नट. असा माणूस हाताशी असताना सिनेमाने त्याचं काय केलं? लंडनमध्ये बनलेल्या 'सँडर्स ऑफ द रिव्हर' (१९३५) मध्ये त्यांना गोऱ्या साहेबाशी इमान राखणारा आफ्रिकन सरदार केलं. चित्रपट साम्राज्याची आरती ओवाळतो हे पाहून रोबसन यांनी तो नाकारला. १९४२ मध्ये 'टेल्स ऑफ मॅनहॅटन'नंतर त्यांनी हॉलिवूडच सोडलं. पुढे त्यांच्या राजकीय मतांमुळे १९५० मध्ये सरकारने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला, तो आठ वर्षांनी परत मिळाला. १९५८ मध्ये त्यांचा साठावा वाढदिवस भारतात साजरा झाला. त्यासाठीच्या समितीचे प्रमुख होते मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला, आणि नेहरूंनी उघड पाठिंबा दिला होता. अमेरिकन सरकारला ते बिलकूल रुचलं नव्हतं. जो माणूस त्याच्या देशाला मोठा म्हणून दाखवायचा नव्हता, त्याचा सन्मान आपल्याकडे झाला, हे वाचून मला बरं वाटलं.

आता सिडनी पॉइटिए. त्यांचे आई-बाप बहामा बेटांवर टोमॅटो पिकवत. माल विकायला मायामीला आले असताना १९२७ मध्ये हा मुलगा दिवसांआधीच जन्माला आला. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कला आला, हॉटेलात भांडी घासली. नाटक कंपनीत परीक्षा द्यायला गेला तर वाचता येईना आणि उच्चारही बेटावरचे, म्हणून हाकलून दिलं. मग रेडिओवरच्या निवेदकांचं ऐकून उच्चार सुधारले आणि हॉटेलातल्या एका म्हाताऱ्या ज्यू वेटरने रोज रात्री काम संपल्यावर वर्तमानपत्र घेऊन बसून वाचायला शिकवलं. त्या वेटरच्या पगारात हे काम नव्हतं. अशी माणसं असतात म्हणून जग चालतं. असो.

१९५० च्या 'नो वे आउट'मध्ये पॉइटिए डॉक्टर झाले. इथून काळ्या पुरुषाचा तिसरा नमुना सुरू झाला. राक्षस नाही, विदूषक नाही, तर आदर्श. हुशार, सुशिक्षित, संयमी, कपड्याला सुरकुती नसलेला. 'द डिफायंट वन्स' (१९५८) मध्ये एक काळा आणि एक गोरा कैदी एकाच साखळीने बांधलेले पळून जातात. शेवटी साखळी तुटलेली असते, काळा कैदी धावत्या मालगाडीत चढलेला असतो, गोऱ्याला चढता येत नाही, तेव्हा काळा त्याच्यासाठी खाली उडी टाकतो. लेखक जेम्स बॉल्डविन यांनी या प्रसंगाबद्दल लिहिलंय की, गोऱ्या प्रेक्षकांना ती उडी पाहून हायसं वाटलं, आणि हार्लेममधले काळे प्रेक्षक चिडून ओरडले, अरे मूर्खा, परत गाडीत चढ! एकच दृश्य, एकच तिकीट, पण कोण पाहतंय त्यावर अर्थ बदलतो.

१९६४ मध्ये पॉइटिए यांना 'लिलीज ऑफ द फील्ड'साठी उत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. हे मिळवणारे ते पहिले काळे अभिनेते. १९६७ या एका वर्षात त्यांचे तीन चित्रपट गाजले. त्यातला 'टू सर, विथ लव्ह' आम्हा शिक्षकमंडळींचा विशेष आवडता. लंडनच्या गरीब वस्तीतल्या उनाड मुलांना वळण लावणारा तो शिक्षक पाहून कोणाला अभिमान वाटणार नाही? तिसरा 'गेस हूज कमिंग टू डिनर'. गोरी मुलगी काळ्या तरुणाशी लग्न ठरवून घरी येते. योगायोग पाहा, त्याच वर्षी १२ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नांवर बंदी घालणारे कायदे रद्द केले. तोपर्यंत सोळा राज्यांत ही बंदी होती! पण पडद्यावरचा हा जावई कसा? जगप्रसिद्ध डॉक्टर, सद्गुणांचा पुतळा, मुलीच्या आई-वडिलांनी नको म्हटलं तर लग्न करणार नाही असं आपणहून सांगणारा. दोघांचं चुंबनही दिसतं ते टॅक्सीच्या आरशातून, ओझरतं. म्हणजे काळ्या तरुणाला प्रेम करायचं तर आधी देवमाणूस व्हावं लागणार. साध्या कारकुनाने प्रेम करायचं नाही का?

१९६७ च्या सप्टेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये काळे नाटककार क्लिफर्ड मेसन यांनी नेमकी हीच टीका केली. गोऱ्या अमेरिकेला हा नट एवढा का आवडतो, असा त्यांचा सवाल होता. पॉइटिए यांना ते फार लागलं. मी दोघांचंही म्हणणं समजू शकते. वर्गात एखादा मुलगा असतो, वस्तीतून आलेला पहिलाच. त्याने पहिलंच यायचं, शर्ट स्वच्छ ठेवायचा, कधी मारामारी करायची नाही, कारण त्याचं चुकलं की "हे लोक असेच" म्हणायला सगळे टपलेले. बाकीची मुलं खिडकीतून उड्या मारतात, त्यांची चूक त्यांच्यापुरती राहते. याची चूक मात्र सगळ्या वस्तीची. लोक त्याला शाबासकी देतात, पण त्याच्या पाठीवर काय ओझं आहे ते कोणी विचारत नाही. पॉइटिए पंधरा-वीस वर्षं हा पहिल्या बाकावरचा मुलगा होते. आदर्श हीसुद्धा एक कैदच. फक्त तिला रंग चांगला दिलेला असतो.

म्हणूनच ती थप्पड मोठी. आदर्श मुलाने एकदा, फक्त एकदाच, साधं माणसासारखं वागून दाखवलं. मारलं म्हणून मारलं.

त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं ते १० एप्रिल १९६८ रोजी. समारंभ दोन दिवस पुढे ढकलावा लागला होता, कारण ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. किंग मेम्फिसला कशासाठी गेले होते? तिथल्या सफाई कामगारांच्या संपासाठी. १ फेब्रुवारीला कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात सापडून दोन कामगार चिरडले गेले आणि तेराशे कामगारांनी काम थांबवलं. मोर्च्यात त्यांच्या हातातल्या फलकांवर चारच शब्द होते, 'आय ॲम अ मॅन'. मराठीत याचं भाषांतर करताना थांबावं लागतं. 'मी माणूस आहे' की 'मी पुरुष आहे'? इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. ज्याला आयुष्यभर 'बॉय' म्हटलं, त्याच्या दृष्टीने दोन्ही मागण्या एकच होत्या. त्याच १९६८ साली थिएटरचालकांच्या पाहणीत अमेरिकेतला सर्वांत जास्त गल्ला खेचणारा नट म्हणून पहिला क्रमांक पॉइटिए यांचा होता! पडद्यावरच्या एका काळ्या पुरुषावर देशाचं एवढं प्रेम, आणि रस्त्यावरच्या तेराशे जणांना माणूस आहोत हे फलकावर लिहून सांगावं लागत होतं.

यानंतर तोल दुसरीकडे गेला नसता तरच नवल. १९७१ मध्ये मेल्विन व्हॅन पीबल्स यांचा 'स्वीट स्वीटबॅक' आणि गॉर्डन पार्क्स यांचा 'शाफ्ट' आला, १९७२ मध्ये 'सुपर फ्लाय'. चामड्याचा कोट, हातात पिस्तूल, कुणापुढे न झुकणारा नायक. काळे प्रेक्षक रांगा लावून गेले आणि छाती पुढे काढून बाहेर आले. ते मी समजू शकते. ते दिवसच तसे होते. ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाचं नाव घेऊन १९७२ मध्येच आपल्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पण लवकरच स्टुडिओंना या गल्ल्याची चटक लागली आणि दलाल, गुंड, गर्द विकणारे यांचेच चित्रपट निघू लागले. एन.ए.ए.सी.पी.च्या हॉलिवूड शाखेचे ज्युनिअस ग्रिफिन यांनी त्यांना 'ब्लॅक्सप्लॉइटेशन' हे नाव दिलं. 'ब्लॅक' आणि 'शोषण' यांचा जोडशब्द. गंमत बघा, १९१५ मध्ये ज्या शरीराची भीती घातली होती, तेच शरीर आता टाळ्यांसाठी उभं केलं. भीतीच्या जागी कौतुक आलं, पण घर, बायको, पोरं, पगार यांचा पत्ता नव्हताच.

तो पत्ता लावला दोन छोट्या चित्रपटांनी, ज्यांना फार थोड्या लोकांनी पाहिलं. पहिला १९६४ चा 'नथिंग बट अ मॅन'. अलाबामातला रेल्वेचा मजूर डफ एका शिक्षिकेशी लग्न करतो. मान खाली घालत नाही म्हणून त्याची एकामागून एक कामं सुटतात, राग घरात निघतो, तो निघून जातो आणि शेवटी आपल्या लहान मुलाला बरोबर घेऊन बायकोकडे परत येतो. हा दिग्दर्शकाने दिलेला उपदेश नाही. एका माणसाचा संसार आहे. दिग्दर्शक मायकेल रोमर हे लहानपणी हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले ज्यू होते. माणसाला माणूस न समजणं म्हणजे काय, ते त्यांना सांगावं लागलं नसणार.

दुसरा चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप'. विद्यापीठात शिकत असताना दहा हजार डॉलरपेक्षा कमी पैशांत केलेला, १९७७ मध्ये पुरा झालेला. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीतला स्टॅन कत्तलखान्यात काम करतो. त्याला झोप येत नाही. पिस्तूल नाही, थप्पड नाही. एकदा तो चहाचा गरम कप गालाला लावतो आणि त्या उबेवरून त्याला बाईमाणसाच्या मायेची आठवण होते, तर मित्र हसतो. बायको त्याच्याबरोबर संथ नाचते, आणि दमलेला नवरा तिला प्रतिसाद देऊ शकत नाही. मी पाहिलेल्या चित्रपटांत पुरुषाच्या थकव्याचं इतकं खरं चित्र क्वचितच आहे. यातल्या गाण्यांचे हक्क विकत घ्यायला दीड लाख डॉलर लागले, म्हणून थिएटरात तो लागला थेट २००७ मध्ये! तीस वर्षं एका साध्या माणसाला पडद्यावर यायला वाट पाहावी लागली.

पुढे गोष्टी बदलल्या हे खरंच. १९९१ च्या 'बॉइझ एन द हूड'मध्ये जॉन सिंगलटन या तरुण दिग्दर्शकाने पोराला धाकात आणि मायेत वाढवणारा बाप दाखवला. २००२ मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन यांना उत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, त्याच रात्री पॉइटिए यांचाही गौरव झाला. मात्र डेन्झेल यांना ते माल्कम एक्सच्या भूमिकेसाठी मिळालं नव्हतं, मिळालं ते एका भ्रष्ट आणि क्रूर पोलिसाच्या भूमिकेसाठी. यावर तेव्हा बरीच चर्चा झाली होती.

हे सगळं जुनं झालं असं कुणाला वाटत असेल तर एकच गोष्ट सांगते. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलंडमध्ये टॅमिर राइस नावाचा मुलगा बागेत खेळण्यातलं पिस्तूल घेऊन खेळत होता. पोलिसांची गाडी आली आणि दोन सेकंदांच्या आत त्याला गोळी घातली. नंतर पोलिसाने वायरलेसवर कळवलं, काळा पुरुष, वय साधारण वीस. टॅमिर बारा वर्षांचा होता. सहावी-सातवीतला. ज्या देशात साठ वर्षांच्या माणसाला पोऱ्या म्हटलं, त्याच देशात बारा वर्षांच्या पोराला पुरुष समजून मारलं. सिनेमाने गोळी झाडली नाही हे मलाही कळतं. पण डोळ्यांना काय दिसेल हे आधीच ठरवून ठेवण्याचं काम कुणीतरी शंभर वर्षं केलं होतं, हे विसरता येत नाही.

सिडनी पॉइटिए ६ जानेवारी २०२२ ला गेले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. त्यांचा जन्म झाला त्याच मायामी शहरातल्या लिबर्टी सिटी या काळ्या वस्तीत बॅरी जेंकिन्स वाढले, आणि २०१६ मध्ये त्यांनी त्याच वस्तीवर 'मूनलाइट' काढला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यात एक गर्द विकणारा माणूस आहे, हुआन. जुन्या हिशेबाने तो नुसता गुन्हेगार. पण तो एका बापाविना वाढणाऱ्या, सगळ्यांनी छळलेल्या मुलाला समुद्रात घेऊन जातो, त्याचं डोकं आपल्या तळहातावर तोलून धरतो आणि पोहायला शिकवतो. मुलगा मोठा होतो, अंगाने दांडगा होतो, सोन्याचे दात लावून कडक चेहऱ्याने फिरतो. शेवटी कित्येक वर्षांनी तो लहानपणच्या मित्राला भेटायला जातो. ज्याच्यावर त्याचं मन होतं तोच हा मित्र. आता एका लहानशा हॉटेलात स्वयंपाक करतो. त्याला पाहून मित्र आत जातो, भात, चिकन आणि काळा घेवडा करून आणतो, ताट नीट वाढतो आणि समोर बसतो.

१९१५ पासून मोजलं तर पडद्यावर एवढी साधी गोष्ट घडायला एकशे एक वर्षं लागली.